पुढचं शीड अडतं कुठे?

नाशिकची पाण्यावरची ओळख वल्ह्याची आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने बोट वल्हवायला उतरला, तेव्हा ती महाराष्ट्रभर झाली. शिडाचा नाद असलेले नाशिककर त्या मानाने थोडे. त्यांना कसारा घाट उतरून मुंबई बंदर गाठावं लागतं, किंवा मांडवा, किंवा थेट गोवा. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारचा वारा धरायचा आणि रविवारी रात्री परत. अशा माणसाच्या हाती वेळ कमी असतो. त्यातला अर्धा दिवस खाणारी हमखास गोष्ट म्हणजे पुढचं शीड गुंडाळणारी यंत्रणा, म्हणजेच फर्लर. वारा वाढलाय, शीड अर्धं गुंडाळलंय, दोर ना पुढे येतोय ना मागे जातोय आणि बोटीवरचे चारही जण वेगवेगळे सल्ले देतायत, हा प्रसंग शिडाच्या बोटीवर बसलेल्या कुणालाही नवा नाही.

बहुतेक जण अशा वेळी म्हणतात, ‘ड्रम जाम झालाय.’ ड्रम डोळ्यांसमोर असतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. प्रत्यक्षात ड्रम स्वतः बिघडल्याची उदाहरणं कमी. दोष बहुतेक वेळा दोन जागी सापडतो. एक, डोलकाठीच्या टोकाशी, जिथे मान वर करून कोणी बघत नाही. दुसरी, ड्रमपासून कॉकपिटपर्यंत येणाऱ्या दोराच्या वाटेवर, जिथे बघण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी यंत्रणा चालते कशी ते नीट समजून घेऊ.

दिंडोरी तालुक्यातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसला बाजूने प्लास्टिकचे पडदे असतात. पडद्याच्या कडेला एक लांब पाइप असतो आणि हँडल फिरवलं की पाइप फिरतो आणि पडदा त्याच्यावर गुंडाळत जातो. तो पाइप आडवा न ठेवता तिरपा उभा करा, खालचं टोक बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, आणि वरचं डोलकाठीच्या टोकाशी. हँडलच्या जागी दोर गुंडाळलेला ड्रम बसवा. फर्लर तयार झाला.

आता भाग नावानिशी. नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची जाड तार ताणलेली असते, ती फोरस्टे. डोलकाठीला मागे कोसळू न देणारी तार हीच. तिच्यावर अॅल्युमिनियमची पोकळ, खाच असलेली पट्टी चढवलेली असते, ती फॉइल. फॉइल तुकड्यातुकड्यांची असते आणि सांधे आतल्या जोडपट्ट्यांनी व स्क्रूंनी पक्के केलेले असतात. शिडाची पुढची कड, म्हणजे लफ, फॉइलच्या खाचेत सरकत वर जाते. फॉइल फिरते, आतली तार फिरत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. फॉइलच्या तळाशी ड्रम असतो आणि वर स्विव्हल. स्विव्हल म्हणजे एकमेकांवर फिरणारे दोन भाग. खालच्या भागाला शिडाचं वरचं टोक अडकवलेलं असतं, तो शिडाबरोबर फिरतो. वरच्या भागाला शीड वर खेचणारा दोर, म्हणजे हॅलयार्ड, बांधलेला असतो. त्या भागाने जागचं हलता कामा नये.

शीड उघडताना आपण शीट ओढतो, म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर. शीड उलगडत जातं, फॉइल फिरते आणि ड्रमवर त्याचा दोर, म्हणजे फर्लिंग लाइन, गुंडाळला जातो. शीड बंद करताना तीच फर्लिंग लाइन ओढायची, ड्रम उलटा फिरतो आणि शीड फॉइलभोवती बसतं. थोडक्यात, शीड पूर्ण उघडं असतं तेव्हा ड्रम दोराने भरलेला असतो आणि शीड बंद असतं तेव्हा ड्रम जवळपास रिकामा असतो. दोर आणि शीड यांचा हिशेब कायम उलट चालतो. नवशिक्यांचे निम्मे घोटाळे या एका वाक्यात सुटतात.

पूर्वी हे सर्रास नव्हतं. वारा वाढला की कोणीतरी नाळेवर जाऊन, लाटा अंगावर घेत, मोठं शीड उतरवायचं आणि लहान चढवायचं. मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहेली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. २२ एप्रिल १९६९ रोजी ते परत पोहोचले. तो काळ नाळेवर जाऊन शीड बदलण्याचाच होता. पुढे चाळीस वर्षांनी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून तिच्यावर एकटे निघाले. १९ मे २०१० रोजी ते परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तिच्याच आराखड्यावरची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी, आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये दोघींनी जगाभोवती नेली. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’चे धक्क्याला लागलेले फोटो बघा, नाळेकडच्या तारेवर शीड घट्ट गुंडाळलेलं दिसेल. दक्षिण महासागरात एकट्या माणसाला दर वाऱ्याला नाळेवर धावायला लावणं म्हणजे त्याला मरायला पाठवणंच. फर्लर ही चैन नाही.

आता थोडं गणित, कारण ‘दोर संपला पण शीड उरलं’ ही तक्रार गणिताशिवाय कळत नाही.

समजा शीड फॉइलपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत ५ मीटर आहे. हलक्या वाऱ्यात गुंडाळलं तर गुंडाळी सैल बसते, सरासरी व्यास ८ सेंटिमीटर धरू. एका फेऱ्यात साधारण २५ सेंटिमीटर कापड जातं, म्हणजे २० फेरे. तेच शीड जोरदार वाऱ्यात गुंडाळलं तर कापड ताणलेलं असल्यामुळे गुंडाळी घट्ट बसते. व्यास ६ सेंटिमीटर झाला तर फेऱ्यात १९ सेंटिमीटरच कापड जातं आणि फेरे लागतात २६-२७. शीड तेच, दोर तोच, आणि सहा-सात फेरे जास्त! बंदरात निवांत बसवलेली यंत्रणा खऱ्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी कमी पडते ती यामुळे. शीड गुंडाळून झाल्यावर शीटचेही दोन-तीन वेढे त्याभोवती बसायला हवेत, नाहीतर रात्री वारा कापडाचा कोपरा धरून सगळं उघडतो. वर ड्रमवर तीन वेढे राखीव. या शिडासाठी ड्रमवर एकूण ३२-३३ वेढे मावले पाहिजेत. दोरासह ड्रमचा सरासरी व्यास १० सेंटिमीटर असेल तर हा झाला १० मीटरच्या आसपास दोर.

दोर कमी पडत असेल तर उपाय सोपा. शीड गुंडाळून बांधून ठेवायचं, ड्रमवरचं दोराचं टोक सोडायचं, त्याच दिशेने आणखी वेढे द्यायचे आणि पुन्हा बांधायचं. पण दिशा आधी फोटो काढून ठेवा. उलट्या दिशेने वेढे पडले तर शीड उलटं गुंडाळलं जातं आणि उन्हापासून वाचवणारी कडेची पट्टी बाहेर राहण्याऐवजी आत जाते. दोन-तीन महिन्यांनी उघड्या पडलेल्या कापडाची दशा बघून मग दिशा कळते. आणि वेढे मावतच नसतील तर दोर जाड आहे. पातळ दोर हाताला रुततो, म्हणून जाणती माणसं एक युक्ती करतात. वेणीच्या दोराला आतला गाभा आणि बाहेरचं कवच असतं. ड्रमवर जाणाऱ्या भागातला गाभा काढून टाकतात, म्हणजे तेवढाच भाग चपटा होतो आणि हातात येणारा भाग जाडच राहतो.

आता खरा प्रसंग. दोर ओढला आणि अडला. सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगतो. दोर विंचवर घ्यायचा नाही. विंच म्हणजे दहा माणसांचं बळ एका हातात आणि दहा माणसांना काय तुटतंय हे हाताने जाणवत नाही. मांडव्याच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाने हे मला तीन शब्दांत शिकवलं होतं, ‘आधी वर बघा.’ त्याच्या आयुष्यात फर्लर कधी आला नव्हता. पण अडलेला दोर ओढत राहिलं की काहीतरी खाली येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हाताने ओढताना अडणं कसं आहे ते ओळखा. अडण्याचे प्रकार वेगळे असतात आणि हाताला ते कळतात.

पहिला प्रकार, दोर पहिल्या इंचापासूनच दगडासारखा. ड्रम हलतच नाही. इथे दोष दोरात आहे. बहुतेक वेळा ड्रमवर एक वेढा दुसऱ्याखाली दबलेला असतो. हे होतं शीड उघडताना. वारा शीड झटक्यात उघडतो, ड्रम भन्नाट फिरतो, दोराला ताण नसतो, वेढे सैल पडतात. पुढच्या वेळी ओढताना वरचा वेढा सैल वेढ्यांच्या खाली घुसतो आणि आवळला जातो. सोडवायला शीट ओढून शीड थोडं परत उघडायचं, दबलेला वेढा हाताने मोकळा करायचा आणि मग गुंडाळायचं. होऊ नये म्हणून उघडताना फर्लिंग लाइन मोकळी सोडायची नाही, खांबावर एक वेढा घेऊन हाताने हलका ताण ठेवत सोडायची. ड्रमआधीची शेवटची पुली नीट बसली आहे का हेही बघा. दोर ड्रमच्या उंचीच्या मध्यावर, फॉइलला काटकोनात जायला हवा. पुली वर-खाली असली तर वेढे एकाच कडेला चढत जातात आणि कधीतरी ड्रमभोवतीच्या पिंजऱ्याच्या कडेत अडकतात.

दुसरा प्रकार, ओढायला सगळीकडे सारखंच जड, अडत मात्र कुठेच नाही. इथे घर्षण शोधायचं. ड्रमपाशी जाऊन दोराची वाट सोडा आणि ड्रम नुसत्या हाताने फिरवून बघा. हलका फिरला तर दोष वाटेवरच्या पुल्यांमध्ये. कठड्याच्या खांबांवर बसवलेल्या या छोट्या पुल्या मीठ, धूळ आणि कबुतरांची कृपा यांनी भरतात आणि फिरायचं सोडून देतात. एकेकीत घर्षण थोडंच असतं, पण सहा पुल्या एकामागोमाग आल्या की हाताला जे जाणवतं ते फर्लर बिघडल्यासारखंच असतं. गोड्या पाण्याने धुतल्या की बहुतेक जिवंत होतात. एक सूचना इथेच. शेवटचे काही फेरे थोडे जड जाणं साहजिक आहे. शीड बंद होत येतं तेव्हा ड्रमवर दोर कमी उरलेला असतो, म्हणजे ओढायची त्रिज्या लहान, आणि गुंडाळी जाड झालेली असते. तेवढ्यासाठी यंत्रणा खोलत बसू नका.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठीच लिहितोय. ड्रम दोन-चार फेरे छान फिरतो, मग ताण चढत जातो, थोडं लवचीक वाटतं आणि थांबतो. मागे सोडलं तर पुन्हा तेवढेच फेरे मोकळे. असं झालं की समजायचं, वर हॅलयार्ड फॉइलभोवती गुंडाळला गेलाय.

हे कसं होतं? स्विव्हलचा वरचा भाग स्थिर राहायला हवा, पण त्याला स्थिर ठेवणारं तिथे काहीच नसतं, फक्त हॅलयार्डची ओढ असते. हॅलयार्ड फॉइलपासून थोडा मागे, डोलकाठीकडे झुकलेला असेल तर तो स्विव्हलच्या वरच्या भागाला फिरू देत नाही. हा कोन ८ ते १० अंश हवा. हॅलयार्ड फॉइलला चिकटून समांतर वर जात असेल तर त्याला रोखून धरणारी आडवी ओढच उरत नाही. स्विव्हलमधलं थोडंसं घर्षण पुरतं, वरचा भाग शिडाबरोबर फिरतो आणि दोर फॉइलला वेढे घालतो. दोन वेढे पडले की फॉइलचं वरचं टोक बांधलं गेलं. आता खाली कोणी विंच फिरवत असेल तर अॅल्युमिनियमची पट्टी पिळली जाते, सांध्यांचे स्क्रू निघतात आणि फार जोर लावला तर पीळ आतल्या फोरस्टेपर्यंत पोहोचतो. जी तार फिरायला नको होती ती फिरू लागते. तिच्या एकोणीस पदरांतले एकेक पदर वरच्या टोकाशी तुटायला लागतात आणि ते फॉइलच्या आत असल्यामुळे दिसतही नाहीत. नंतर एखाद्या साध्याशा दिवशी डोलकाठी मागे कोसळते आणि सगळे म्हणतात, वारा तर काहीच नव्हता.

कारण शोधायला दुर्बीण लागते, किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतं. शीड पूर्ण चढलेलं असताना स्विव्हल कुठे थांबलाय ते बघा. तो फॉइलच्या वरच्या टोकाजवळ हवा, पण टोकाबाहेर नको. तो टोकापासून हातभर, दोन हात खाली असेल तर तेवढा हॅलयार्ड फॉइलला खेटून मोकळा आहे आणि वेढे घालायला तयार आहे. हे मुख्यतः दुसऱ्याच्या बोटीचं जुनं शीड स्वस्तात घेतलं की होतं. शीड आखूड, म्हणून स्विव्हल खाली. उपाय दोनशे रुपयांचा की दोन हजारांचा हे तार कुठून घेता त्यावर, पण उपाय एकच. शिडाचं टोक आणि स्विव्हल यांच्यामध्ये मापाची तार किंवा न ताणणारा दोर जोडायचा, म्हणजे स्विव्हल आपल्या जागी पोहोचतो. उंची बरोबर असूनही कोन भरत नसेल तर डोलकाठीला पुढच्या बाजूने एक छोटी कडी बसवतात. तिच्यातून हॅलयार्ड मागे खेचला जातो आणि कोन मिळतो. तिसरं कारण हॅलयार्डचा ताण. फार सैल असला तर वेढे घालतो. फार आवळला तर स्विव्हलवरचा दाब वाढून तोच जड फिरतो आणि परिणाम पुन्हा तोच. हंगामाच्या सुरुवातीला लावलेला ताण मध्यावर तसाच राहत नाही, नवा दोर ताणतो. अधूनमधून बघत राहावं.

याच्या जोडीला एक भाऊबंद दोष आहे. वापरात नसलेला दुसरा हॅलयार्ड, मोठ्या फुगीर शिडासाठी ठेवलेला, लोक सोयीसाठी नाळेच्या कठड्याला बांधून ठेवतात. शीड गुंडाळताना तो शिडात गुंडाळला जातो. लक्षण तंतोतंत वरच्यासारखं, उपाय मात्र पाच मिनिटांचा. तो दोर डोलकाठीपाशी नेऊन बांधा. फर्लर उघडायच्या आधी हे एकदा तपासा, शरम वाचते.

समुद्रावर असताना वेढे पडले तर वर चढायचं नाही. शीड ज्या दिशेने मोकळं होतं तिकडे हळूहळू सोडा, ताण कमी करा, मग थोडं थोडं गुंडाळून बघा. बरेचदा वेढा उलगडतो. नाहीच उलगडला तर पुढचं ऐका.

वारा वाढलाय आणि शीड बंद होत नाही, तेव्हा सगळ्यात उपयोगी पडतं ते सुकाणू. बोट वळवून वारा पाठीशी घ्या. समजा वारा १८ नॉट आहे, ताशी साधारण ३३ किलोमीटर, आणि बोट ६ नॉटने वाऱ्यावर तिरपी चढतेय. शिडाला लागणारा वारा होतो २२-२३ नॉट. बोट वळवून वाऱ्याबरोबर धावू लागली की तोच वारा १२ नॉटवर येतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे शिडावरची ओढ सुमारे साडेतीन पटींनी उतरते. शिवाय डोलकाठीमागचं मोठं शीड पुढच्या शिडाला आडोसा देतं. विंचवरही न हलणारा दोर इथे दोन बोटांनी येतो. फक्त शीट पूर्ण सोडू नका, थोडा ताण ठेवा, नाहीतर कापड फडफडत सैल गुंडाळलं जातं आणि वर सांगितलेलं वेढ्यांचं गणित पुन्हा बिघडतं.

फर्लिंग लाइनच तुटली असेल तर शीड सुटून फडफडेल. हॅलयार्ड सोडून ते खाली उतरवता आलं तर उत्तम. वर वेढे पडले असतील तर ते उतरणार नाही. मग इंजिन चालू करून बोट गोल गोल फिरवायची. शीट सैल, आणि बोट एकाच दिशेने फिरत राहिली की शीड स्वतःहून फोरस्टेभोवती गुंडाळलं जातं. मग नाळेवर जाऊन दोराने आवळून बांधायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल नावाडी प्यायलाय. वाटू द्या.

आता बेअरिंगकडे येऊ, कारण नाशिककरांचा हात इथेच शिवशिवतो. अंबड आणि सातपूरला लेथवाल्यांची वाण नाही. ड्रम खोलायचा, गाडीत टाकायचा आणि सोमवारी ओळखीच्या वर्कशॉपात न्यायचा, हा मोह मी समजू शकतो. पण आधी कंपनीचं पुस्तक वाचा. फर्लरच्या बेअरिंगचे दोन पंथ आहेत. काही कंपन्यांच्या फर्लरमध्ये प्लास्टिकच्या गोळ्या उघड्यावर असतात, त्यांना ग्रीस अजिबात चालत नाही. त्यांना हवं असतं फक्त भरपूर गोडं पाणी. ग्रीस लावलं की त्यात मीठ आणि धूळ चिकटून खरकागद तयार होतो. दुसऱ्या पंथात स्टीलची बेअरिंग ग्रीस भरून बंद केलेली असतात, ती धुवायची गरज नसते, पण सील गेली की बदलावीच लागतात. कुठला पंथ आपला, हे न बघता सगळीकडे स्प्रे मारणारा माणूस प्रत्येक धक्क्यावर एक असतोच. गंज सोडवणारा स्प्रे हा वंगण नव्हे, तो आधीचं ग्रीस धुवून नेतो.

सातपूरला प्लास्टिकच्या गोळीच्या जागी ‘हिच्यापेक्षा टणक’ म्हणून साध्या बेअरिंग स्टीलची गोळी मिळेल, फुकटसुद्धा मिळेल. समुद्रावर ती एका पावसाळ्यात गंजते आणि ड्रम खरोखरच जाम होतो. तीच गोष्ट स्क्रूची. सांध्यातला स्क्रू हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला झिंकचा स्क्रू लावू नका. ३१६ जातीचं स्टेनलेस घ्या. आणि स्टेनलेस अॅल्युमिनियममध्ये जातोय हे विसरू नका. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे तिथे विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. आट्यांना विलग करणारी पेस्ट लावून मग स्क्रू बसवा. पांढरी भुकटी फुटलेली दिसली की हे काम आधी झालेलं नाही असं समजायचं. एका बोटीचा सांध्यातला स्क्रू काढताना त्याच्याभोवतीचं अॅल्युमिनियम सालपटासारखं निघालेलं मी पाहिलंय. स्क्रू मात्र नवा कोरा.

बेअरिंग खरंच दोषी आहे का हे ठरवायची कसोटी साधी. शांत सकाळी, वारा नसताना, शीड पूर्ण खाली उतरवा. फॉइल हाताने फिरवा. हलकी फिरली तर खालचं बेअरिंग निर्दोष. मग खाली आलेला स्विव्हल दोन हातांत धरून दोन्ही भाग एकमेकांवर फिरवा. खरखर लागली तर गुन्हेगार सापडला. दोन्ही ठीक असतील तर दोष शीड चढल्यावर निर्माण होतो, म्हणजे हॅलयार्डचा कोन, स्विव्हलची उंची किंवा फोरस्टेचा ताण. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार सैल असेल तर फोरस्टे झोळीसारखी लोंबते, त्याबरोबर फॉइलही वाकते, आणि वाकलेली पट्टी स्वतःच्या अक्षाभोवती सुखाने फिरत नाही. फर्लर जड लागतो म्हणून ड्रम खोलणाऱ्यांपैकी काहींनी फक्त मागची तार दोन आटे आवळली असती तरी भागलं असतं. त्याच वेळी ड्रमच्या आतल्या टर्नबकलच्या, म्हणजे फोरस्टे ताणणाऱ्या जोडणीच्या, पिना आणि त्यातल्या फाट्या पिना जागेवर आहेत का ते बघून घ्या. वर्षातून एकदाही न बघितली जाणारी ही जागा, आणि डोलकाठी उभी आहे ती तिच्यावरच.

शीड चढताना मधेच अडत असेल तर मात्र वेगळं. फॉइलचा सांधा उघडला असेल, किंवा लफची पट्टी झिजून तिचे धागे खाचेत अडकत असतील. खाच ओल्या फडक्याने पुसून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारला की फरक पडतो. तेल नको.

मुंबईत हंगाम ऑक्टोबर ते मे. मे महिन्यात एक काम टाळू नये. शीड फॉइलवर गुंडाळलेलं ठेवून पावसाळ्याला सोडून द्यायचं नाही, कितीही घट्ट बांधलं तरी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, पावसाळ्याला अजून वेळ होता. अशा वाऱ्यात गुंडाळीचा एक कोपरा सुटला की शीड फाटेपर्यंत फडफडतं आणि त्या हिसक्यांनी फॉइल, फोरस्टे आणि डोलकाठी सगळंच हलतं. म्हणून मेच्या सुरुवातीलाच शीड उतरवा, गोड्या पाण्याने धुवा आणि नाशिकला घेऊन या. मे महिन्यातल्या नाशिकच्या कोरड्या उन्हात सावलीला पसरलं की दिवसभरात वाळतं. वाळल्यावर उन्हापासून वाचवणाऱ्या पट्टीची शिवण नखाने ओढून बघा. कापडाआधी दोरा मरतो. नखाने तुटला तर ती पट्टी पुन्हा शिवायला द्यायचे हेच दिवस, कारण सप्टेंबरात शीड शिवणाऱ्याकडे रांग असते. ड्रम आणि स्विव्हल धुवून कोरडे करा, फर्लिंग लाइन काढून आणा आणि ऑक्टोबरात ती परत गुंडाळताना राखीव तीन वेढ्यांच्या जागी दोरावर लाल धाग्याची खूण बांधून घ्या.